गव्हांत उतरलेलें सेलेनियम

सन २०२४ चा डिसेंबर सरतां सरतां आणि २०२५ चा जानेवारी लागतां लागतां बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांव तालुक्यांत एक विलक्षण प्रकार घडला. बोंडगांव, कालवड, हिंगणा व आसपासचीं गांवें येथील कांहीं लोकांचें डोकें प्रथम खाजूं लागलें. दुसऱ्या दिवशीं फणी फिरवितांच केसांचे पुंजके हातांत येऊं लागले, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीं डोकें तुळतुळीत झालें. केस ओढावे लागत नव्हते. ते आपण होऊनच सुटत होते. शाळेंत जाणारीं मुलें, घरांतील बायका, शेतांत राबणारे पुरुष, म्हातारींकोतारीं माणसें, सर्वांवर हा घाला आला. त्यांतही तरुण मुलींची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी होती. कित्येकांस त्याबरोबरच ताप, डोकेदुखी, ओकाऱ्या, जुलाब व अंगाला मुंग्या येणें हाही त्रास झाला. एकंदर १८ गांवांतील २७९ माणसांची नोंद झाली.

केस गेल्यानें प्राण जात नाहीं हें खरें. पण ज्या समाजांत स्त्रीच्या मस्तकावरील केस जाणें हें कांहीं पिढ्यांपूर्वींपर्यंत वैधव्याचें चिन्ह होतें, त्या समाजांतील अठरा-वीस वर्षांच्या मुलीस आरशांत आपलें बोडकें डोकें पाहून काय वाटलें असेल याची कल्पना करणें कठीण नाहीं. मुलामुलींनीं शाळा-महाविद्यालयांत जाणें टाळलें, जुळत आलेल्या सोयरिकी अडल्या, बाधित गांवच्या माणसांपासून लोक दूर राहूं लागले, अशा हकीकती वर्तमानपत्रांत येऊं लागल्या. रोग एकापासून दुसऱ्यास लागतो अशी समजूत पसरली. कित्येकांनीं राहिलेले केस आपण होऊनच भादरून टाकले. अशा वेळीं ‘हें कशानें झालें’ या प्रश्नाचें बरोबर उत्तर मिळणें ही औषधाइतकीच मोठी गरज असते.

पहिला संशय पाण्यावर आला, आणि तो येणें स्वाभाविकच होतें. अकोला, अमरावती व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोहों बाजूंस जी गाळाची सपाट भूमि पसरली आहे, तिला वऱ्हाडांत ‘खारपाणपट्टा’ म्हणतात. या पट्ट्यांतील विहिरींचें व विंधनविहिरींचें पाणी खारें, मचूळ व जड असतें; डाळ शिजत नाहीं, साबणाला फेस येत नाहीं, आणि तहानही पुरती भागत नाहीं. शेगांव तालुक्याचा बराच भाग या पट्ट्यांत मोडतो. पाण्याचे नमुने तपासले तेव्हां त्यांत नायट्रेट व विरघळलेले क्षार मर्यादेबाहेर निघाले. तेव्हां गुन्हेगार सांपडला असें पुष्कळांस वाटलें. परंतु खारपाणपट्ट्याचें पाणी आजचें नव्हे. या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या लोटल्या; मूतखड्याच्या व मूत्रपिंडाच्या विकारांचा दोष त्याजवर ठेवण्यांत येतो, पण तीन दिवसांत टक्कल पडल्याचें कोणीं ऐकलें नव्हतें. नायट्रेटचा दोष म्हणाल तर तो तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति कमी करतो आणि मूल निळें पडतें. केसांशीं त्याचा संबंध नाहीं.

दुसरा संशय बुरशीवर आला व तिसरा केस धुण्याच्या शांपूंवर. येथें केसांच्या वाढीची थोडी माहिती करून घेतली पाहिजे, कारण उकल तीतच आहे. माणसाच्या डोक्यावर सुमारें एक लक्ष केस असतात. त्यांपैकीं शेंकडा ८५ ते ९० कोणत्याही क्षणीं वाढत असतात व बाकीचे विश्रांति घेत असतात. विषमज्वरानंतर किंवा बाळंतपणानंतर केस जातात हें प्रत्येक घरांतील वडील बायकांस ठाऊक आहे. पण ते आजारानंतर दोन-तीन महिन्यांनीं जातात. याचें कारण, आजाराच्या धक्क्यानें वाढते केस विश्रांतीच्या अवस्थेंत जातात आणि ती अवस्था संपल्यावर झडतात. बुरशीनें केस जातात ते चकत्यांचकत्यांनीं, आणि कातडीवर कोंडा, लाली, खवले ठेवून जातात. परंतु केसाच्या मुळाशीं ज्या पेशी असतात त्या शरीरांतील अत्यंत वेगानें विभागणाऱ्या पेशींपैकीं आहेत. एखाद्या विषानें ही विभागणी एकाएकीं थांबली, तर वाढता केस मुळाशींच बारीक होऊन थोड्या दिवसांत सुटतो. कर्करोगाच्या कांहीं औषधांनीं जें होतें तें याच रीतीनें. सारांश, शेंकडों माणसांचे केस तीन-चार दिवसांत जातात तेव्हां जंतूपेक्षां विषाचा शोध करणें शहाणपणाचें.

हा शोध ज्यांनीं आपल्या खर्चानें व आपल्या पायांनीं केला ते महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर होत. कोंकणांत लाल विंचवाच्या दंशानें मुलें पटापट दगावत, तेव्हां प्राझोसिन हें रक्तदाबाचें औषध त्यावर लागू पडतें हें दाखवून हजारों जीव वांचविणारे ते हेच गृहस्थ. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनीं बाधित गांवांत जाऊन माणसांचें रक्त, लघवी व केस आणि त्यांच्या घरांतील धान्य यांचे नमुने घेतले व ठाण्याच्या एका प्रयोगशाळेकडून तपासून घेतले. २०२५ च्या फेब्रुवारींत त्यांनीं आपला निष्कर्ष जाहीर केला. सेलेनियम नांवाचें मूलद्रव्य बाधितांच्या रक्तांत ३५ पट, लघवींत ६० पट व केसांत १५० पट वाढलेलें होतें, आणि जस्ताचें प्रमाण उलट उतरलेलें होतें. हें सेलेनियम आलें कोठून? तर रेशनच्या दुकानांतून मिळालेल्या गव्हांतून. त्या गव्हांत किलोमागें १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालें. साधारण गव्हांत तें ०.१ ते १.९ पर्यंत असतें. त्या भागांत पिकलेल्या गव्हाशीं तुलना करतां हें प्रमाण ६०० पट भरलें. हा गहूं पंजाब-हरयाणाकडून आलेला होता असें बावस्करांचें म्हणणें. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचें पथकही जानेवारीच्या मध्यास येऊन नमुने घेऊन गेलें होतें, आणि बाधितांच्या रक्तांत सेलेनियम वाढलेलें असल्याचें त्याही तपासणींतून पुढें आलें.

सेलेनियम हें नांव सोनें, रुपें, तांबें यांप्रमाणें कानांवर पडलेलें नाहीं. त्याची ओळख करून घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याच्या भावंडांकडून जाणें. प्राणवायु, गंधक, सेलेनियम व टेल्युरियम हीं एकाच घराण्यांतील मूलद्रव्यें. आवर्तकोष्टकांत तीं एकाखालीं एक बसतात. यांतील शेंडेफळ शोभेल असें टेल्युरियम आधीं सांपडलें. १७८२ सालीं ट्रान्सिल्व्हानियांतील सोन्याच्या खनिजांत म्युलर फॉन राइखेनस्टाइन नांवाच्या खाण-अधिकाऱ्यास एक पांढरा चकचकीत पदार्थ आढळला. तो दिसावयास अँटिमनीसारखा, पण अँटिमनी नव्हे. बिस्मथसारखा, पण बिस्मथ नव्हे. पुढें १७९८ सालीं बर्लिनच्या क्लाप्रोटनें तें नवें मूलद्रव्य असल्याचें ठरवून पृथ्वीवाचक लॅटिन शब्दावरून त्यास टेल्युरियम हें नांव दिलें. यानंतर एकोणीस वर्षांनीं, १८१७ सालीं, स्वीडनमधील प्रख्यात रसायनशास्त्रज्ञ बर्झीलियस यास ग्रिप्सहोल्म येथील गंधकाम्लाच्या कारखान्यांत हौदाच्या तळाशीं तांबूस गाळ सांपडला. तो जाळतांच मुळ्यासारखा उग्र वास येई. तो वास टेल्युरियमचा समजून त्यानें प्रथम तसेंच लिहून टाकलें. पण पुन्हा परीक्षा करतां टेल्युरियमचा लवलेशही मिळेना. वस्तु नवी होती, परंतु टेल्युरियमची सख्खी बहीण शोभावी अशी. एक भूमि, तर दुसरी चंद्र, असें म्हणून त्यानें ग्रीकांच्या चंद्रदेवतेवरून तिला सेलेनियम असें नांव ठेवलें. रसायनशास्त्रांतील इतकें गोड नामकरण दुसरें क्वचितच असेल. त्या नांवाच्या पदार्थानें पुढें वऱ्हाडांतील मुलींचे केस न्यावे हा दैवदुर्विलास.

टेल्युरियमविषयीं थोडें सांगून मग सेलेनियमकडे वळणें बरें. तें भूपृष्ठावर अतिशय विरळ, जवळजवळ प्लॅटिनमइतकेंच दुर्मिळ. सोन्याशीं सहसा कोणी संयोग पावत नाहीं, पण टेल्युरियम पावतें. कॅलॅव्हराइट व सिल्व्हनाइट हीं त्यांचीं खनिजें प्रसिद्ध आहेत. पैकीं कॅलॅव्हराइटमध्यें वजनानें शेंकडा ४३ च्या वर सोनें असतें, तरी तें सोन्यासारखें दिसत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील कालगुर्ली येथें हा दगड निरुपयोगी म्हणून रस्त्याच्या खड्ड्यांत भरीस घातला गेला आणि १८९६ च्या सुमारास त्याचें खरें स्वरूप कळल्यावर लोकांनीं रस्ते उकरले, अशी कथा सांगतात. आज टेल्युरियम मुख्यतः तांब्याच्या शुद्धीकरणांत खालीं बसणाऱ्या गाळांतून निघतें. सेलेनियमही त्याच गाळांतून. कॅडमियमशीं त्याचा संयोग करून सूर्यप्रकाशापासून वीज करणाऱ्या पातळ पट्ट्या बनवितात. २०२४ सालीं तामिळनाडूंत अशा पट्ट्यांचा मोठा कारखाना सुरू झाला. बिस्मथशीं त्याचें संयुग वीज सोडली असतां एका बाजूनें थंड व दुसऱ्या बाजूनें ऊन होतें. टेल्युरियम थोडेंसें जरी पोटांत गेलें तरी माणसाच्या श्वासाला व घामाला लसणीचा वास येतो आणि तो कित्येक दिवस, प्रसंगीं महिनेही, हटत नाहीं. सेलेनियमचीही हीच खोड आहे, पण सौम्य.

या दोघांत एक महत्त्वाचा भेद आहे, आणि शेगांवच्या प्रकरणांत तोच निर्णायक ठरतो. टेल्युरियम विरळ असल्यामुळें व त्याचा स्वभाव गंधकापासून अधिक दूर गेल्यामुळें तें पिकांत फारसें उतरत नाहीं. सेलेनियम मात्र गंधकाची हुबेहूब नक्कल करतें. वनस्पतींना प्रथिनें बनविण्यास गंधक लागतो व तो त्या मुळांवाटे सल्फेटच्या रूपानें शोषून घेतात. जमीन चुनखडीयुक्त, अल्कधर्मी व हवा खेळणारी असली म्हणजे तीतील सेलेनियम सेलेनेटच्या रूपांत राहतें. हें सेलेनेट पाण्यांत सहज विरघळतें, आणि सल्फेटसाठीं उघडलेल्या दारांतून मुळांत शिरतें. द्वारपालास फरक कळत नाहीं. पुढें झाड गंधकाच्या जागीं सेलेनियम घालून मेथिऑनीन नांवाचें अमिनो आम्ल तयार करतें आणि तें दाण्याच्या प्रथिनांत गुंफलें जातें. म्हणजे गव्हांतील सेलेनियम हें वरून बसलेली धूळ नव्हे, कीटकनाशकाचा लेप नव्हे. तें पिठाच्या अंगचेंच असतें.

गृहिणींच्या दृष्टीनें ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. बावस्करांनीं तो गहूं धुऊन पुन्हा तपासविला तेव्हां १४.५२ चा आंकडा १३.६१ वर आला, इतकेंच. धुतल्यानें, उन्हांत वाळविल्यानें, पाखडल्यानें वा चाळणी बारीक घेतल्यानें हें विष जावयाचें नाहीं. पोळी कितीही खरपूस भाजली तरी त्यांतील मोठा भाग जागच्या जागींच राहतो. गव्हाच्या दाण्याकडे पाहून, तो चावून किंवा हुंगून तें ओळखतांही येत नाहीं.

आतां थोडा हिशेब करून पाहूं. एक माणूस दिवसास २०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या खातो असें धरलें, तर १४.५२ या प्रमाणानें त्याच्या पोटांत दररोज २.९ मिलिग्रॅम, म्हणजे २,९०० मायक्रोग्रॅम सेलेनियम जातें. मोठ्या माणसाची दिवसाची गरज ४० ते ५५ मायक्रोग्रॅम मानतात, आणि बहुतेक ठिकाणीं ४०० ही सहन होण्याची कमाल मर्यादा धरतात. युरोपांतील तज्ज्ञांनीं २०२३ सालीं ती २५५ वर आणली. म्हणजे गरजेच्या पन्नास पटींहून अधिक व मर्यादेच्या सातपट विष केवळ पोळीवाटे जात होतें. ३५० ग्रॅम पीठ खाणाऱ्या कष्टकऱ्याच्या बाबतींत हा आंकडा पांच मिलिग्रॅमवर जातो. त्याच माणसानें गांवांत पिकलेला गहूं खाल्ला असता, तर ६०० पटींच्या हिशेबानें २०० ग्रॅम पिठांतून त्यास पांच मायक्रोग्रॅमही मिळालें नसतें.

हा पांच मिलिग्रॅमचा आंकडा लक्षांत ठेवण्याजोगा आहे. चीनमधील हूपे प्रांतांत एन्शी म्हणून डोंगराळ मुलुख आहे. तेथील दगडी कोळशांत सेलेनियम विलक्षण भरलेलें असतें. १९६१ ते १९६४ या काळांत तेथील कांहीं गांवांत लोकांचे केस व नखें गळूं लागलीं. दुष्काळानें भात बुडालें होतें, बाहेरून धान्य आलें नव्हतें, आणि लोक आपल्याच शेतांतील मका व भाजीपाला यांवर गुजराण करीत होते. शेतांत चुना टाकल्यामुळें मातींतील सेलेनियम मोकळें झालें होतें. अत्यंत बाधित अशा पांच गांवांत २४८ माणसांपैकीं जवळजवळ निम्मीं आजारी पडलीं. १९८३ सालीं चिनी शास्त्रज्ञांनीं ही हकीकत प्रसिद्ध केली तेव्हां बाधित भागांतील माणसाच्या रोजच्या आहारांत सरासरीनें पांच मिलिग्रॅमच्या आसपास सेलेनियम जात असल्याचें त्यांनीं दाखविलें. शेगांवच्या गव्हाचा हिशेब त्याच्या इतका जवळ यावा हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाहीं. बावस्करांच्या निष्कर्षाला बळकटी आणणारा हा पुरावा त्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेबाहेरचा आहे, म्हणून त्याची किंमत अधिक.

जनावरांवरील परिणाम तर त्याहूनही जुने आहेत. १८५६ च्या सुमारास अमेरिकेंतील मिसूरी नदीकांठच्या एका लष्करी ठाण्यावर घोड्यांच्या आयाळीचे व शेपटीचे केस गळूं लागले आणि खूर निखळूं लागले. तेथील लष्करी वैद्यानें त्याचें वर्णन करून ठेवलें आहे. शेतकरी याला ‘अल्कली रोग’ म्हणत व दोष पाण्यावर ठेवीत, अगदीं खारपाणपट्ट्याप्रमाणेंच. दोष पाण्याचा नसून चाऱ्यांतील व दाण्यांतील सेलेनियमचा आहे हें कळावयास १९३० नंतरचीं वर्षें उजाडावीं लागलीं. केस, नखें, खूर, शिंगें या सर्वांचें द्रव्य एकच, केरॅटिन. त्याच्या धाग्यांना बळकटी येते ती गंधकाच्या दोन अणूंमधील सांध्यांमुळें. तेथें सेलेनियमनें ढवळाढवळ केली म्हणजे जेथें जेथें केरॅटिन तेथें तेथें पडझड होते, असें शास्त्रज्ञ मानतात.

आपल्याकडे पंजाबांत याचा अनुभव आलेला आहे. शिवालिक टेकड्यांतून पावसाळ्यांत वाहणारे ओहोळ आपल्याबरोबर सेलेनियमयुक्त गाळ आणून नवांशहर व होशियारपूर या जिल्ह्यांतील सखल शेतांवर पसरतात. तेथील कूपनलिकांच्या पाण्यांतही तें असतें, आणि भात व गहूं या दोन पिकांना हेंच पाणी देतात. लुधियानाच्या पंजाब कृषि विद्यापीठांतील धिल्लों दांपत्यानें १९९१ पासून या भूमीविषयीं लिहिलेलें आहे. अशा शेतांत कोवळ्या गव्हाचीं पानें हिमासारखीं पांढरीं पडतात, गुरांच्या खुरांना भेगा जातात, शेपटीचे केस गळतात, आणि तेथील धान्यावर राहणाऱ्या माणसांचेही केस व नखें बिघडतात. जिप्सम, म्हणजे चुन्याचें सल्फेट, जमिनींत घातलें असतां गव्हांत उतरणारें सेलेनियम पुष्कळ घटतें, असेंही त्यांनीं दाखविलें. यांतील तर्क आतां वाचकांच्या ध्यानांत येईलच: दारांत खऱ्या गंधकाची गर्दी झाली म्हणजे तोतयाला आंत शिरावयास जागा उरत नाहीं.

परंतु येथें पंजाबवर अन्याय होऊं देतां कामा नये. या संशोधकांनीं नोंदलेलें अति दूषित क्षेत्र सुमारें एक हजार हेक्टरांचें. पंजाबांत गहूं पिकतो तो सुमारें पस्तीस लाख हेक्टरांवर. एरव्हीं असें होतें कीं, हजारों शेतांतील गहूं बाजार-आवारांत व कोठारांत एकमेकांत मिसळतो आणि एखाद्या वाईट शेताचा दोष लाखों पोत्यांत विरून जातो. मग शेगांवांतच तो इतका दाट कां उतरला? याचें बुद्धीला पटणारें उत्तर एकच दिसतें: एकाच लहान टापूंतील माल न मिसळतां एकत्र राहिला आणि एकाच दिशेनें गेला. अठरा गांवांपलीकडे हा प्रकार पसरला नाहीं व ठराविक आठवड्यांतच झाला, हेंही याच तर्काला धरून आहे. साथीच्या रोगाची चाल निराळी असते. तो एका गांवाहून दुसऱ्या गांवास जातो व रेंगाळतो.

रेशनची पद्धति १९४३ सालीं महायुद्धांत मुंबई शहरांत सुरू झाली, तेव्हां वऱ्हाडच्या खेड्यांतील माणूस ज्वारीची भाकरी खाई, आणि ती ज्वारी बहुधा त्याच्या किंवा शेजाऱ्याच्या शेतांतील असे. काळ्या जमिनीच्या खालचा अग्निजन्य दगड सेलेनियमच्या बाबतींत दरिद्रीच असतो. पुढें गव्हाची पोळी ही सणाची वस्तु न राहतां रोजची झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें गरीब घरांना महिन्याचें धान्य हक्कानें मिळूं लागलें, आणि २०२३ च्या जानेवारीपासून तें विनामूल्य झालें. ही सोय लहान नव्हे. तिच्यामुळें किती चुली पेटतात हें त्या घरांनाच विचारावें. पण ज्या घराला दुसरा गहूं विकत घेण्याची ऐपत नाहीं, त्याच घराला दुकानांतून मिळेल तो दाणा खावा लागतो, म्हणून त्या दाण्याची परीक्षा अधिक कडक पाहिजे. सरकारी खरेदींत गव्हाची ओल पाहतात, कचरा पाहतात, फुटके, आकसलेले व किडके दाणे मोजतात. सेलेनियम या यादींत बसत नाहीं. प्रत्येक पोतें तपासणें अशक्य आहे. परंतु ज्या टापूंतील माती दूषित असल्याचें १९९१ पासून छापलेलें आहे, तेथील माल वेगळा ओळखून तपासणें किंवा निदान तो दूरदूरच्या मालांत मिसळून टाकणें अशक्य नाहीं.

एवढें वाचून सेलेनियम म्हणजे केवळ विष अशी समजूत कोणीं करून घेऊं नये. १९५७ सालीं असें सिद्ध झालें कीं, तें अत्यल्प प्रमाणांत शरीराला आवश्यक आहे. पेशींचें रक्षण करणाऱ्या व गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचें कार्य चालविणाऱ्या कांहीं द्रव्यांत तें असतें. चीनमध्येंच, एन्शीच्या अगदीं उलट, केशान नांवाच्या तालुक्यांत १९३५ सालीं हृदयाचा एक घातक विकार नोंदला गेला. तो मुलांना व तरुण स्त्रियांना गांठी. तेथील मातींत सेलेनियम जवळजवळ नव्हतेंच. पुढें मुलांना त्याच्या गोळ्या दिल्या तेव्हां विकार हटला. फिनलंडनें १९८० नंतरच्या दशकांत सर्व देशाच्या खतांतच तें मिसळावयास आरंभ केला. एका देशांत तें खतांतून घालावें लागतें व दुसऱ्या देशांतील गांव त्यानें बोडकें होतें. गरज व विष यांमधील अंतर इतकें अरुंद असलेलीं मूलद्रव्यें थोडींच आहेत. आणखी एक गंमत अशी कीं, डोक्यांतील कोंड्यावर जीं औषधी शांपू मिळतात त्यांपैकीं कित्येकांत सेलेनियमचें गंधकाशीं झालेलें संयुग असतें. तें कातडींतून फारसें आंत जात नाहीं म्हणून चालतें. शेगांवचे लोक शांपूवर संशय घेत होते तेव्हां त्यांच्या कल्पनेंतही नसेल कीं, ज्या द्रव्याचा शोध चालला आहे तें शांपूंतही असतें, पण अपराध मात्र पोळीचा आहे.

सेलेनियमवर उतारा असा नाहीं. दूषित अन्न बंद करणें हाच उपाय. तें थांबलें म्हणजे शरीर आपण होऊन लघवीवाटे व थोडेंफार श्वासावाटे तें बाहेर टाकूं लागतें. केसांचीं मुळें मेलेलीं नसतात, केवळ त्यांचें काम थांबलेलें असतें. त्यामुळें कांहीं आठवड्यांनीं बाधितांपैकीं बऱ्याच जणांच्या डोक्यावर पुन्हा केस दिसूं लागले. महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर ही केसांची चाल असल्यामुळें वेणी घालण्याइतके केस यावयास मुलींना वर्षांची वाट पाहावी लागणार होती, ही गोष्ट निराळी.

२०२५ च्या एप्रिलमध्यें त्याच तालुक्यांतील कांहीं गांवांत लोकांचीं नखें पिवळीं-काळीं पडून गळूं लागलीं, तेव्हां पुन्हा घबराट झाली. हा नवा रोग आला असें लोकांस वाटलें. वस्तुतः हा जुन्याच घटनेचा उशिरां पोहोंचलेला भाग मानणें अधिक सयुक्तिक. बोटाचें नख महिन्यास अवघें तीन मिलिमीटर वाढतें. डिसेंबर-जानेवारींत नखाच्या मुळाशीं जो दुबळा थर तयार झाला, तो कातडीखालून वर येऊन दिसावयास व तेथून नख सुटावयास तीन-चार महिने लागणें साहजिकच होतें. बोटाचें नवें नख पुरतें यावयास सहा महिने व पायाच्या अंगठ्याचें यावयास वर्ष-दीड वर्ष लागतें. कापलेल्या नखांतही सेलेनियम टिकून राहतें, आणि म्हणूनच एखाद्या माणसाच्या पोटांत कांहीं महिन्यांपूर्वीं किती सेलेनियम गेलें असावें हें पाहावयाचें झाल्यास शास्त्रज्ञ त्याच्या पायाच्या नखांचे तुकडे तपासावयास मागतात.